काढायचा राहून गेलेला शब्द

लग्नाआधी मी मालू होते, लग्नानंतर मालती देशकर झाले आणि नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत 'कथित दीदी' झाले. पहिली दोन नावं घरच्यांनी ठेवली, तिसरं आमच्या हिंदी दैनिकाच्या डेस्कवाल्यांनी. ते मला तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, एकदा तर चहावाल्यानं "कथित दीदी की फीकी" असं ओरडून टेबलावर माझा बिनसाखरेचा कप ठेवला होता. मला राग यायचा नाही. ज्या शब्दासाठी मी अख्ख्या खोलीशी भांडत असे, तो माझ्या नावाला चिकटला याचा आतून अभिमानच होता म्हणा ना. त्या अभिमानाला या श्रावणात असा दणका बसला की मी अजून सावरलेली नाही. सकाळी पेपर दारात पडला की तो लगेच उचलवत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी कामाविषयी सांगते, कारण मी निवृत्त होईपर्यंत माझ्या सख्ख्या बहिणीची समजूत होती की मी पेपर 'छापते'. छापत मी कधीच नव्हते. वार्ताहर बातमी आणतो. ती घाईत लिहिलेली असते आणि ज्यानं जे सांगितलं ते घडलंच आहे असं धरून लिहिलेली असते. ठाणेदार म्हणाला चोर, की बातमीत चोर. शेजारी म्हणाले जाळलं, की बातमीत जाळलं. आम्ही उपसंपादकांनी ती वाचायची, भाषा नीट करायची, मथळा द्यायचा आणि वार्ताहराला एक प्रश्न विचारायचा: "हे कोण म्हणतंय?" बहुतेक वेळा तो मान खाजवायचा. मग मी 'कथित' लावायचे.

मराठीत आणि हिंदीत शब्द एकच आहे आणि अर्थही एकच. असं कुणीतरी म्हटलंय, अजून सिद्ध झालेलं नाही. खरं निघेल किंवा खोटं निघेल, पेपर तूर्त कुणालाच जामीन राहत नाही. कथित चोर म्हणजे लहान चोर नाही की अर्धा चोर नाही. तो चोर आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही. लोक याची गल्लत 'तथाकथित'शी करतात. तो शब्द वेगळा. त्यात नाक मुरडणं आहे. एखाद्याला तथाकथित समाजसेवक म्हटलं की त्याची समाजसेवा आपल्याला मान्य नाही हे सांगून झालं. 'कथित'नं मात्र चेहरा सरळ ठेवायचा असतो. निदान मी तरी तसं समजत होते.

नवीन आले की मी त्यांना हे घोटून घोटून शिकवायचे. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी जाड पेननं लिहून एक कागद चिकटवला होता, "कथित लगाया?" एवढंच. बातमी माझ्याकडे देण्याआधी तिकडे बघायचं असा दंडक होता. तिवारी नावाचे माझे सहकारी, माझ्यापेक्षा वयानं लहान आणि आता त्या डेस्कचे प्रमुख, सुरुवातीला माझ्या धाकानं सगळ्यालाच कथित लावत सुटले होते. एकदा त्यांनी "कथित रूप से ओले गिरे" असं लिहून आणलं. गारा पडल्या होत्या, ऑफिसच्या गच्चीवर पडल्या होत्या, तिवारींच्या स्वतःच्या डोक्यावर पडल्या होत्या. मी म्हटलं, "तिवारीजी, टेंगूळ दिसतंय, आता तरी काढा तो शब्द." तर म्हणाले, "दीदी, मौसम विभाग का फ़ोन नहीं लगा."

दुसरी गंमत बड़ा फुहारा बाजारातल्या एका कापड-व्यापाऱ्याची. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडली, त्यात एक जण म्हणाला, मी अमक्या शेठजींचा साला, म्हणजे मेहुणा आहे. वार्ताहरानं तसंच लिहिलं. शेठजींना विचारायला वेळ नव्हता म्हणून मी 'कथित साला' केलं. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः ऑफिसात हजर. आता हे टेबल उलथणार म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. शेठजींनी खव्याच्या जिलेबीचा डबा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "दीदी, बाईस साल से सगा है. आज पहली बार किसी ने शक जताया. ऐसा ही रहने दीजिए." आम्ही हसून हसून बेजार झालो आणि तो डबा त्याच जागी संपला.

कुंडमच्या माणसाची गोष्ट सांगताना मात्र हसू येत नाही. जंगलाकाठच्या गावातून तो दोन बस बदलून आला होता. त्याचा बैल वाघानं मारला होता. वनविभागाचं म्हणणं पडलं, वाघ होता हे पक्कं नाही, तरस असेल, कुत्री असतील. मी नियमाप्रमाणे 'कथित बाघ' लिहिलं होतं. तो माणूस भरपाईसाठी गेला तेव्हा तिथल्या बाबूनं आमचाच पेपर त्याच्यापुढे धरला: बघ, पेपरवालेसुद्धा कथित म्हणतात. तो आमच्यावर ओरडला नाही. मला एवढंच म्हणाला, "बाई, मैंने उसको बैल पर बैठे देखा. मेरी आँख को आपने क्या लिख दिया?" त्या वेळी मला पहिल्यांदा धक्का बसला की हा शब्द आपण एका माणसाला वाचवायला लावतो आणि तो दुसऱ्याच माणसाला जाऊन लागतो. तिवारींनी मग वार्ताहराला पुन्हा गावी पाठवलं, पंजाच्या ठशांचा फोटो आला, वनविभागानं वाघ कबूल केला आणि बातमी आम्ही ठळक छापली. मला वाटलं, झालं, फिटलं.

आता प्रभाकर खोडेकडे येते. सगळं त्याच्यासाठीच लिहीत आहे.

राइट टाउन भागात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मराठी मंडळाचा हॉल आहे. हॉलच्या दाराशी भिंतीत बसवलेला काळा फळा आहे. त्यावर हळदीकुंकू, व्याख्यान, कुणाकडे मुलगा झाला, कोण वारलं, सगळं खडूनं लिहिलेलं असतं. इथल्या हिंदी मुलखात आमच्या मुलांना मराठी कळतं, बोलताना निम्मं हिंदी येतं आणि लिहायची वेळ आली की ती पळ काढतात. अशा गावात हा फळा कित्येक वर्षं प्रभाकर लिहायचा. त्याचे आजोबा तोफांच्या कारखान्यात लागले म्हणून घराणं इथं आलं. वडीलही तिथेच होते. प्रभाकरला मात्र तिथे जागा मिळाली नाही, म्हणून तो शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्यात वेल्डर होता. रंगात घालायचं थिनर तिथे बनायचं. दिवसभर लोखंड जोडणारा हा माणूस संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मंडळात यायचा आणि असं मोत्यासारखं अक्षर काढायचा की लोक फळ्याचे फोटो काढून पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवायचे. मंडळाचे सगळ्यात जुने सभासद वामनकाका रोज चष्मा पुसून तो फळा मोठ्यानं वाचायचे. फळ्यावर काही नवीन नसलं तरी वाचायचे.

माझ्या निवृत्तीला थोडा अवधी असतानाची गोष्ट. वार्ताहरानं चार ओळींची बातमी आणली. एका कारखान्यात थिनरचा रिकामा ड्रम गॅसनं कापताना धमाका होऊन एक कामगार जखमी झाला, असं कामगार सांगतात. व्यवस्थापन म्हणतं, इथे काहीच झालं नाही, त्या माणसाला घरी लागलं. पोलिसात नोंद नाही. नाव मिळालं नाही. मी भिंतीवरच्या माझ्याच कागदाकडे बघितलं आणि 'कथित विस्फोट में श्रमिक घायल' असा मथळा दिला. त्या माहितीवर तोच मथळा योग्य होता आणि आजही मी तोच देईन. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पश्चात्तापाचं रडगाणं गायला बसले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळावरून जाताना फळा कोरा दिसला. वामनकाका दारात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "मालती, प्रभाकरचा हात गेला. उजवा. तीन बोटं तुटली."

हातातली भाजीची पिशवी तिथेच पडली, मटार रस्त्यावर सांडले आणि मी वेड्यासारखी ते वेचत बसले. कालच्या चार ओळींतला तो बिननावाचा कामगार आमचा प्रभाकर होता आणि त्याचा हात ज्यात गेला त्या स्फोटावर मी शांतपणे, चहाचे घोट घेत, कथित लिहिलं होतं.

हॉस्पिटलातून सुटल्यावर तो आणि त्याची बायको सुमन आमच्या घरी आले. दुपारची वेळ होती, मी ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते. त्याचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. तो कसाबसा खुर्चीच्या टोकावर बसला. सुमन बसलीच नाही.

"दीदी," प्रभाकर म्हणाला, "ते बातमी तुम्ही लिहिली होती काय?"

मी हो म्हटलं.

"काहून लिहिलं मग तसं? आवाज पार फाटकापर्यंत गेला होता. पत्रा उडाला वरचा. मी काय खोटं बोलून राहिलो काय?"

मी त्याला समजावलं. नव्या लोकांना समजावायचे तसंच. कथित म्हणजे खोटं नाही, प्रभाकर. कुणीतरी म्हटलंय, अजून सिद्ध झालेलं नाही, एवढंच. तुला खोटं पाडत नाही तो शब्द, आम्ही फक्त मध्ये उभे आहोत. तो मान डोलावत ऐकत होता. चांगला माणूस, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणूनही मान डोलावणारा.

सुमन मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अच्छा. म्हणजे कोणी काही म्हटलं आन् साबीत नसलं, की तो शब्द लावता तुम्ही."

"बरोबर."

"मग कारखानावाले म्हणतात की यांना घरी लागलं. ते साबीत झालं काय? त्याच्यापुढं काहून नाही लावला?"

मी उठले. आत जाऊन पेपर आणला. ती म्हणत होती ते खरं होतं. आमच्या बातमीत विस्फोट कथित होता आणि शेवटच्या ओळीत छापलं होतं, "प्रबंधन ने बताया कि श्रमिक को घर पर चोट लगी." बताया. म्हणजे सांगितलं. जसं कुणी घड्याळात किती वाजले ते सांगतं तसं. पोलीस 'बताते हैं', व्यवस्थापन 'बताता है', अधिकारी 'जानकारी देते हैं' आणि ज्याची बोटं गेली त्याचं सगळं कथित. इतकी वर्षं ही वाक्यं माझ्या हाताखालून गेली होती. मी प्रत्येकाला विचारत आले होते, हे कोण म्हणतंय, आणि तेच विचारून कुणाचं म्हणणं तोलायचं आणि कुणाचं न तोलता पुढे सरकवायचं हे ठरवत आले होते की काय!

सुमन म्हणाली, "घरी काय आहे आमच्या? एक विळी आहे. विळीनं पत्रा उडते काय?"

"राहू दे नं," प्रभाकर तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दीदी, केस टाकून राहिलो आम्ही. पैसा भेटो, न भेटो. त्यायनं लेबर ऑफिसच्या साहेबासमोर मला दारुड्या म्हटलं. म्हणे दारू पिऊन घरी पडला असंन. मी चहाच्या पुढं गेलो नाही कधी. स्फोट झाला होता, एवढं कोणी म्हटलं पाहिजे."

तेव्हा मी त्याला शब्द दिला. म्हटलं, "प्रभाकर, निकाल लागू दे. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो शब्द मी माझ्या हातानं काढीन."

तो हसला. पट्टीतला हात थोडा उचलून म्हणाला, "चलो, तुमचा हात तर आहे."

त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तिवारींशी कडाकडा भांडले. म्हटलं, यापुढे व्यवस्थापनानंही 'बताया' नाही, त्याचाही दावाच. तिवारी म्हणाले, "दीदी, फिर तो थानेदार का भी दावा, कलेक्टर का भी दावा. अख़बार है कि दावों का मेला?" मी म्हटलं, मेळा तर मेळा. शेवटी 'प्रबंधन का दावा है' एवढं पदरात पडलं. सुनावणीच्या बातम्या आल्या की मी स्वतः बघायचे. विस्फोट कथित राहायचा, कारण निकाल नव्हता, पण घरी लागल्याचा दावाही आता तितकाच तोलून लिहिला जायचा. एकदा सुमननं मला सांगितलं, समोरच्या वकिलानं कोर्टात आमचीच पहिली बातमी दाखवली: पाहा, वर्तमानपत्रालाही खात्री नव्हती. कुंडमच्या बैलवाल्याला दाखवला होता तसाच पेपर, तोच शब्द. फिटलं फिटलं म्हणत होते ते काहीच फिटलं नव्हतं.

मग मी निवृत्त झाले. केस चालूच होती. निरोप-समारंभात तिवारींनी मला शाल पांघरून भाषण करताना म्हटलं की दीदी आज कथित रूप से जा रही हैं, आणि सगळे हसले, मीही हसले. निघताना मी तिवारींना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की खोडेंच्या केसचा निकाल आला की मला फोन करा. ते म्हणाले, "बिलकुल, दीदी."

या श्रावणात एका संध्याकाळी सुमनचा फोन आला. रडते आहे की हसते आहे ते कळेना. "जिंकलो, दीदी! श्रम न्यायालयानं सरळ लिहून दिलं, स्फोट झाला होता, कारखान्यातच झाला होता. यायनं तर ऐकताच डोळे मिटून घेतले. दारू बिरू काही नाही म्हणून सांगितलं जजसाहेबानं, सगळ्यायच्या समोर!"

मी देवाजवळ दिवा लावला. तिवारींना फोन केला, ते मीटिंगमध्ये होते, निरोप ठेवला की निकाल आला आहे, बातमी चांगली लावा. तरी मला झोप लागेना. इतकी वर्षं बातम्या काढल्या, पण उद्याच्या पेपरची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. शेवटी उजाडल्यावर फाटकातच उभी राहिले. पेपर पडला. शहराचं पान उघडलं. बातमी होती, चांगली मोठी होती, प्रभाकरचा फोटोसुद्धा होता.

मथळा होता: "कथित विस्फोट में उँगलियाँ गँवाने वाले श्रमिक को मिला न्याय."

मी पुन्हा वाचलं. चष्मा काढून वाचलं, लावून वाचलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, काय झालं हो, कुणी गेलं का? मी मान हलवली आणि फाटकाचा गज धरून तशीच उभी राहिले. न्यायालयानं म्हटलं स्फोट झाला. साक्षी झाल्या, डॉक्टर आले, कारखान्याचा पत्रा कोर्टात आला, न्यायाधीशांनी सही केली आणि आम्ही, माझ्या डेस्कनं, माझ्या माणसांनी, निकालाच्या दिवशी त्याचा स्फोट पुन्हा कथित करून टाकला. आत मजकुरातही तसंच, ओळीओळीला. प्रभाकरचा फोटो, त्यात तो उजवा हात मांडीवर झाकून बसलेला आणि वर हा मथळा. संताप, लाज, काय काय दाटून आलं ते सांगता येणार नाही. मी चहाही न घेता रिक्षा केली आणि ऑफिस गाठलं.

तिवारी नुकतेच आले होते. मी पेपर त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. डेस्कवर निकालाची बातमी अशीच बनते: वरच्या दोन ओळी नव्या आणि खाली प्रकरण काय होतं हे समजावणारा भाग जुन्या बातमीतून उचलायचा. आम्ही सगळे असंच करत आलो. जुन्या बातम्यांत तो शब्द ओळीओळीला होता, मी लावलेला आणि मी जपलेला. तो जसाच्या तसा उचलला गेला आणि मथळा देणाऱ्यानं मजकुरातून मथळा काढला.

"पर तिवारीजी, कुणीच बघितलं नाही?"

"देखा था, दीदी," तिवारी हळू आवाजात म्हणाले. "मैंने ही देखा. देखा कि कथित लगा है, तो तसल्ली हुई."

मी भिंतीकडे बघितलं. कागद पिवळा पडला होता, कोपरे वळले होते, पण तो होता. "कथित लगाया?" मला त्या कागदाची भीती वाटली. शब्द लावायचा कधी हे मी किती जणांना शिकवलं! काढायचा कधी हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

तिवारींनी माझ्यादेखत मोबाइलवरच्या आवृत्तीतून शब्द काढायला लावला. छापलेल्याचं काय करणार? म्हणाले, उद्या भूल-सुधार छापतो. मग पेन उचलून लिहायला बसले आणि म्हणाले, "मुश्किल ये है दीदी, कि क्या भूल हुई, ये बताने के लिए उसमें भी कथित लिखना पड़ेगा." ते विनोद करत नव्हते. मी उठले. जाताना भिंतीवरचा तो कागद काढून घ्यावा असं मनात आलं, पण मग वाटलं, उद्या पुन्हा कुणाला तरी ठाणेदार चोर म्हणेल. मी तिवारींचं पेन घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, "निकाला?" म्हणजे, काढला का? अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळपर्यंत प्रभाकरकडे जायचं धाडस झालं नाही. काय तोंड दाखवू? फोन उचलायचा आणि ठेवायचा. शेवटी दिवे लागायच्या आधी चप्पल घातली. म्हटलं, जाते, पाया पडावं लागलं तर पडते.

मंडळाच्या दाराशी तो उभा होता.

त्याचा हात गेल्यापासून त्या फळ्यावर कुणी नीट लिहिलं नव्हतं. छापलेले कागद चिकटवायचे, त्यात शुद्धलेखनाचा सत्यानाश, वामनकाका वाचता वाचता शिव्या द्यायचे. आज फळा ओल्या फडक्यानं पुसून काळाभोर केलेला होता आणि प्रभाकर डाव्या हातात खडू धरून लिहीत होता. स्वच्छ शर्ट, पूर्वीसारखाच. सुमन पायरीवर बसली होती. ती मला बघून उठली आणि सरकून जागा करून दिली, त्यानंच मला भरून आलं.

अक्षर मोत्यासारखं नव्हतं. लहानमोठं, उताराला लागलेलं, पहिलीतल्या मुलासारखं. पण ओळ पुरी झाली होती.

"प्रभाकर खोडे यांची बोटे कारखान्यात झालेल्या कथित स्फोटात गेली."

मला वाटलं तो मला टोमणा मारतो आहे. मारलाच पाहिजे. मी म्हटलं, "प्रभाकर, मी सकाळीच जाऊन... ते लोक..."

"वाचलं, दीदी. सकाळीच वाचलं," तो म्हणाला. रागाचा मागमूस नव्हता, फक्त थकलेला होता. त्यानं खाली वाकून बादलीतलं फडकं काढलं, ते पिळायला सुमननं हात दिला, आणि त्यानं ते माझ्यापुढे धरलं. "तुम्ही म्हणाले होते नं, आपल्या हातानं काढीन म्हणून. मी वाट पाहून राहिलो तुमची."

मी फडकं घेतलं. एवढ्या वर्षांत मी किती शब्द काढले असतील, लाल पेननं, मग माउसनं, सटासट, न बघता. एक शब्द पुसायला मला इतका वेळ कधी लागला नाही. डोळ्यांपुढे अक्षरं दिसेनात. सुमननं माझं मनगट धरून जागा दाखवली. मी पुसलं. दोनदा पुसलं. मध्ये ओला पांढरट पट्टा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी ओळ तशीच उभी राहिली.

तेवढ्यात आरतीसाठी वामनकाका आले. फळ्यावर अक्षर बघून थबकले, चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, लावला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं: "प्रभाकर खोडे यांची बोटे कारखान्यात झालेल्या..." तिथे ते अडले. बोटानं तो ओला पट्टा दाखवत त्यांनी विचारलं, "इथं काय होतं रे?"

प्रभाकर म्हणाला, "काही नव्हतं, काका. पुढं वाचा."